हसरा बिबट्या

अगं, बिबट्याचं पुस्तक मी का छापलं नाही, विचारतेस ना? ऐक मग. मी मुलांसाठी लिहिते आणि छापण्याआधी प्रत्येक गोष्ट मुलांना वाचून दाखवते. त्यासाठीच किल्ल्याच्या पायथ्याच्या तिकोणा पेठ गावातल्या शाळेत गेले होते. गोष्टीत एक मुलगी रोज बिबट्याला भाकरी नेऊन देते आणि तो तिच्याकडे बघून हसतो. आपलाच बिबट्या, हसवायला काय जातंय! मुलं खूश, मी त्याहून खूश.

जेवणाच्या सुट्टीत मुलांना ओळीत बसवताना बाई एकदम ओरडल्या, "दुसरीतली सोनी कुठंय?"

तिची मैत्रीण म्हणाली, "ती डब्यातली भाकरी घिऊन रानाकडं गेली. बिबट्याला द्यायला."

मी बाईंच्या मागोमाग धावत सुटले. शाळेमागच्या करवंदीच्या जाळीपाशी सोनी एकटीच उभी होती, हातात भाकरी तशीच. मी तिला घट्ट कवटाळलं. "अगं वेडे, खरंच बिबट्या आला असता म्हणजे?"

"आलता की," ती हळूच म्हणाली. "पर तुमच्या गोष्टीतल्यावानी हसला न्हाई."