तिसऱ्यांदा चाललेली चिप

“अगं, पास लिही आणि मोकळी हो,” माझा मुलगा प्रकाश नातीवर डाफरत होता, आणि मी त्याच्यावर. नात ऋतुजा इंजिनिअरिंगला आहे, अंबडच्या एका कंपनीत चिप तपासायची इंटर्नशिप करते. त्या दिवशी एक चिप तापवल्यावर दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा चालली. तिचे साहेब म्हणाले, शेवटचा निकाल धर, पास लिही. नाहीतर सर्टिफिकेट अडकेल, हेही त्यांनी हसत हसत सांगितलं.

“आई, तुला चिपमधलं काय कळतं?” प्रकाश म्हणाला.

“कुणी न शिकवता तीस वर्षं पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरल्यात मी! गार मोटार कुणाचीही फिरते रे. मी तासभर तापवून बघायचे, मगच गिऱ्हाइकाला द्यायचे. दोनदा बंद पडलेली कधी दिली नाही.”

“तुझं स्वतःचं दुकान होतं. हिचं वर्ष जाईल!”

“जाऊ दे! खोटी सही करून मिळालेला कागद काय चाटायचाय?”

असं अर्धा तास चाललं. दोघांचेही घसे बसले. ऋतुजा खांद्यावरची बॅगही न काढता भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. शेवटी मी तिच्यावरच ओरडले, “तू बोल की गं! काय लिहिणार आहेस उद्या?”

डोळे न उघडताच ती म्हणाली, “आजी, मी चार वाजताच फेल लिहून, सही करून आलेय, आता तुमच्यापैकी कुणीतरी मला जेवायला वाढा.”