कंडक्टर कालिंदीच्या तीन बाटल्या

मंडळी, एक विचारतो, मनातल्या मनात उत्तर द्या. चांगली वस्तू दुप्पट घेतली, तर गुण दुप्पट येतो का? मागच्या वहिनी मान हलवतायत — नाही म्हणतायत! बरोब्बर! आमटीतल्या मिठाचं आपल्याला कळतं. मग देवानं दिलेल्या देहाशी वागताना हे शहाणपण जातं कुठं? ऐका!

विट्याची कालिंदी तोडकर. वय सव्वीस. एसटीत कंडक्टर. आवाज असा खणखणीत, की शेवटच्या सीटवर घोरणारा माणूस तिकीट हातात धरूनच जागा व्हावा! पण गालांवर मुरमं. लालबुंद, दुखरी. आणि कंडक्टर म्हणजे दिवसभर शेकडो माणसं तोंडासमोर! कुणी म्हणे, "ताई, हळद लावा." कुणी म्हणे, "पोट साफ नाही तुमचं." अहो, तिकीट काढायला आलात ना? तिकीट काढा की!

एक दिवस एका चिमुरडीनं मोठ्यांदा विचारलं, "आई, या मावशीला काय चावलं गं?" सगळी गाडी हसली. कालिंदीही हसली — आणि कराडला उतरून स्टँडच्या मागं जाऊन रडली.

मग उघडला मोबाइल. तिथं काय, जो तो धन्वंतरी! एक म्हणाला, त्वचेसाठी ही गोळी घ्या. दुसरी म्हणाली, केसांसाठी ती घ्या. तिसरा म्हणाला, माशाच्या लिव्हरचं तेल घ्या, चेहरा आरसा होतो! हिनं तिन्ही मागवली. आणि एक सांगितली तिथं दोन घ्यायला लागली. का? तर लवकर गुण यावा!

तीन महिने गेले. ओठ फुटले, केस गळायला लागले, डोकं ठणकू लागलं. पण मुरमं दोन-चार कमी झाली होती ना — आशा लावायला तेवढी पुरतात, मंडळी!

आणि एका सकाळी धावत्या गाडीत एका आजोबांना तिनं तिकीट दिलं, आणि लगेच पुन्हा विचारलं, "आजोबा, कुठं जायचं?"

"अगं पोरी, आत्ताच दिलंस की!"

ती बघते तर आजोबा दोन! दोन टोप्या, दोन काठ्या! पखवाजवाले, हसू नका — तिनं डोळे चोळले, पुन्हा पाहिलं, तरी दोनच! ड्रायव्हर दस्तगीरमामांनी आरशात पाहिलं, गाडी बाजूला घेतली. "बेटी, काय झालं?"

"मामा... मला सगळं दोन-दोन दिसतंय!"

डोळ्यांच्या डॉक्टर नाडगौडाबाईंनी तपासलं. डोळ्यामागच्या नसेला सूज. म्हणाल्या, "डोक्याचा एमआरआय करू. गाठ नाही ना, ते बघायला हवं."

गाठ! बाहेर बाकावर कालिंदीचे वडील, श्यामराव. सकाळपासून पाण्याचा घोट नाही. मनात एकच — "देवा, मुरमं राहू दे, हजार राहू दे. माझी पोरगी राहू दे!"

एमआरआय झाला, दार उघडलं, बाईंनी त्यांना आत कालिंदीजवळ बोलावलं. बाई म्हणाल्या, "गाठ नाही." श्यामरावांना हसू फुटलं, आणि हसता हसता रडू! पण बाई थांबल्या नाहीत. "कालिंदी, औषधं काय घेतेस?"

"काहीच नाही, मॅडम."

"गोळ्या, पावडर, तेल?"

"ते होय! ते व्हिटॅमिन आहे फक्त..."

श्यामराव धावत घरी गेले, तीन बाटल्या घेऊन आले. बाईंनी चष्मा चढवला, मागची बारीक अक्षरं वाचली. "त्वचेच्या गोळीत ए जीवनसत्त्व. केसांच्या गोळीत ए. तेलात तर आहेच! नावं तीन, माल एक — त्यात तू दुप्पट घेतलास. हे लघवीवाटे निघून जात नाही पोरी, अंगात साठतं. त्यानं डोक्यातला दाब वाढला. दिवस गेले असते, तर बाळालाही धोका होता!"

"मी... बरी होईन ना?"

"होशील. वेळेवर आलीस. बाटल्या आजपासून बंद. औषध देते, दर आठवड्याला डोळे दाखवायचे."

आणि पोरगी बघा — जीव भांड्यात पडला, लगेच विचारते, "मग मुरमांचं काय?" बाईंनी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडं धाडलं. त्यांनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व कमी निघालं. त्याची एकच गोळी, आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवस. "ही कमतरतेसाठी, चेहऱ्यासाठी नव्हे," त्यांनी बजावलं. मुरमांना रात्री लावायचं मलम, आणि त्यासोबत धीर!

सात आठवड्यांनी गाडी कडेगावच्या पुढं आली आणि कालिंदी ओरडली, "मामा, रस्त्याची पांढरी पट्टी एकच दिसतेय!" मामांनी मोकळ्या रस्त्यावर उगाचच लांबलचक हॉर्न वाजवला! मुरमं हळूहळू ओसरली. दोन-तीन डाग राहिलेत. ती म्हणते, राहू देत.

आता वळतो तुमच्याकडं. किती जणांच्या घरी टीव्हीशेजारी गोळ्यांचा डबा आहे? शेजारणीनं सुचवलेल्या, भाच्यानं परदेशातून आणलेल्या? खाली बघू नका, मीही तुमच्यातलाच! माझ्या पिशवीत आवाजासाठीची डबी आहे. महिनाभर खातोय, मागं काय लिहिलंय ते अजून वाचलेलं नाही! उद्या डॉक्टरांपुढं ठेवतो. तुम्हीही ठेवा. आणि त्यांनी "काय काय घेता?" विचारलं, तर "काही नाही" म्हणू नका. देवाला न सांगता कळतं, मंडळी — डॉक्टरांना सांगावं लागतं!

उचला टाळ, होऊ द्या नामाचा गजर!