साडेसात मजूर

त्रैराशिकाचं म्हणता, तर माझं ऐका. महाराष्ट्र नुकताच झाला होता, मी मोताळ्याला चौथीत होते. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी मला उभं करून विचारलं, "पंधरा मजूर चार दिवसांत विहीर खणतात. तीच आठ दिवसांत खणायची तर मजूर किती?"

उत्तर आलं साडेसात. आमचे गुरुजी सांगायचे, माणूस अर्धा आला की गणित चुकलं.

मी म्हटलं, "सात गडी आन् एक बाई."

गुरुजींनी घाईनं विचारलं, "काऊन वं?"

"बाईले आर्धीच मजुरी भेटते ना, गुरुजी."

साहेबांनी बेरीज केली. "आठ. बरोबर."

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्या आठजणाइच्या भाकरी कोन करते?"

"ते गणितात नाही."

"मंग गणित चुकलं."