लाटांची वीज

त्रेसष्ट साली शहाद्याच्या मोटारस्टँडवर माझ्यापुढे दोन बायका उभ्या होत्या.

“सुंदरबाई, तुन्हा मगन समुद्रवर काय करे वं?”

“लाटास्वर वीज करता येई का, ते वरीसभर मोजे.”

“मंग, व्हई का?”

“पावसायामा भरपूर व्हई. पन तव्हयच लाटा यंत्र तोडी टाकतीन. बाकी वरीस लाटा बारीक. वीज भलती महाग पडी, कारखाना बांधू नका, असं त्यानीच सायबले सांगं.”

“आनि त्यानी नोकरी?”

“त्याच कामनी व्हती. गई.”

“जराखं वाढाई सांगतं तं?”

“मी बी तेच इचारं. म्हने, माय, मन्हा आकडावर भरोसा ठेईसन लोके विजनी वाट दखत बसतीन. आज तो घर येस. त्याले लेवाले स्टँडवर उनू.”

तेवढ्यात एक मोटार येऊन थांबली.

“भिकुबाई, तुन्ही मोटर उनी.”

“जाऊ दे. मगनले दखीसन जासू.”