आईच्या गाठीपाशी

अमरावतीत कापसाच्या गाड्यांची रांग हलत नव्हती. रांगेशेजारच्या एका घराच्या दारात पातूरचे नत्थुजी शाळेत घातलेल्या लेकासाठी, गोवर्धनसाठी, घरमालकिणीकडे भाड्याची खोली मागत होते; तोही सोबतच उभा होता.

“बाई, एकट्या पोराले कितीशी जागा लागते?”

“खोली शेटजीनं कापसाले घेतली, भाऊ. औंदा या गावात कापसाले जागा हाय, माणसाले नाही. पाहा, आढ्यापावतर भरली.”

“बाबा, थे गाठोडं आपलं व्हय. आईच्या जुन्या लुगड्यातलं.”

“व्हय. सकाळीच इकलं. गाठ तिच्याच हातची हाय.”

“बाई, मले त्याच्यापाशी निजू द्या. गाठीले हात लावणार नाही.”

“अरे, उद्या मुंबईले चाललं थे.”

“मालूम हाय. मंग आजच्यापुरतीच खोली द्या.”