लाइनेची सही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बेटाच्या परिषदेचे प्रमुख माननीय आइवार, राजधानी टालिनच्या डिजिटल ओळख विभागातून बोटीचे हेलकावे सोसत आलेल्या प्रमुख पाहुण्या केर्लीबाई, जिच्या निवृत्तीसाठी आपण सगळे जमलो आहोत ती आपली उर्वे पाल्गी, आणि हीटर रुसल्यामुळे अंगातले कोटही न उतरवता बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. शाळेच्या स्वयंपाकघरात चौतीस वर्षं काढलेल्या बाईला पाच मिनिटांत बटाटेसुद्धा सोलून होत नाहीत. पण प्रयत्न करते. मागे ऐकू येतंय ना? बरं.

केर्लीबाई आत्ताच फार छान बोलल्या. म्हणाल्या, लवकरच युरोपातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये एक डिजिटल पाकीट असेल. त्यात आपली ओळख, आपले दाखले, आपली सही. इथली ओळख तिकडे पोर्तुगालमध्येसुद्धा चालेल. चालो बापडी. आपल्या बेटावर हे सगळं आणलं कोणी? उर्वेनं. बावीस वर्षं ती परिषदेच्या कार्यालयात त्या एका खिडकीमागे बसली. आपल्यापैकी किती जणांना तिनं पिन म्हणजे काय हे शिकवलं? हात वर करू नका, वेळ जाईल. डोळ्याला कमी दिसणाऱ्यांना तिनं मोठी अक्षरं करून दिली. माझ्या तर हाताला धरून तिनं मला पहिली डिजिटल सही करायला लावली, आणि वर म्हणाली, "विल्मा, आता तुझ्या नावानं दुसरं कोणी सही करू शकणार नाही." मी म्हटलं, "अगं, माझ्या नावानं सही करून कोणाला काय मिळणार आहे?"

उर्वेबद्दल कोण बोलणार, असं समितीनं विचारलं, तेव्हा तिनं माझं नाव सांगितलं. समितीनं तिला पुन्हा विचारून घेतलं म्हणे. साहजिक आहे. वर्षभर मी तिच्याशी बोलत नव्हते, हे बेटावरच्या बदकांनाही ठाऊक आहे. फक्त पाहुण्यांना ठाऊक नाही, म्हणून सांगते. अध्यक्षमहाराज, घड्याळाकडे पाहू नका.

केर्लीबाई, माझी एक जुळी बहीण आहे, लाइने. माझ्याहून दहा मिनिटांनी मोठी. ती पोस्टात होती. एकोणतीस वर्षं सायकलवरून तिनं या बेटावर पत्रं वाटली. या सभागृहात एकही माणूस असा नाही, जो आम्हा दोघींना वेगळं ओळखू शकत नाही. कोणी चालण्यावरून ओळखतं, कोणी हसण्यावरून. नवरे नव्हते, मुलं नव्हती. आईबापांच्या घरात दोघीच राहायचो.

गेल्याच्या गेल्या वर्षी नोव्हेंबरात लाइने दारातच कोसळली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. म्हणजे, एक शब्द उरला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. तिच्याकडे उरला तो शब्द होता, 'उद्या'. भूक लागली? "उद्या." दुखतंय का? "उद्या." मान हलवायची, पण हो आणि नाही यांची सरमिसळ व्हायची. सूप हवं असलं की नकाराची मान, आणि वाटीकडे हात.

रुग्णालयानं तिला तात्पुरतं घरी सोडलं. मुख्य भूमीवरच्या शुश्रूषा केंद्रात जागा झाली की तिला तिकडे न्यायचं ठरलेलं. घरीच ठेवायचं असेल, तर रुग्णानं स्वतः अर्ज करायचा, जानेवारी संपायच्या आत. कागदावर करायचा तर अधिकाऱ्यासमोर आपली इच्छा स्पष्ट सांगायची. नाहीतर डिजिटल सही. तिचा जुना फोन पडताना फुटला होता. नव्या फोनवर पाकीट नव्यानं उघडायला हवं होतं.

उर्वे आली. बर्फावरच्या घसरगाडीला पायानं रेटा देत, तीन मैल, तिच्या सुट्टीच्या दिवशी. आधी तिनं कागद काढला. लाइनेच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसली.

"लाइने, तुला इथं घरी राहायचंय?"

"उद्या."

"की केंद्रात जायचंय?"

"उद्या."

उर्वेनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग फोन काढला. फोन म्हणाला, चेहरा समोर धरा, डावीकडे वळवा, डोळे मिचकावा. लाइनेचा उजवा गाल खाली ओघळला होता. फोन म्हणाला, चेहरा जुळत नाही. उर्वेनं खिडकीचा पडदा सरकवला, दिवा आणला, उशी लावली. पाच वेळा. चेहरा जुळत नाही. पाचव्या वेळी लाइनेच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं आणि मी म्हटलं, "पुरे कर गं."

उर्वे जाताना म्हणाली, "न्यायालयाकडून तुला तिची पालक म्हणून नेमून घेता येईल. चार महिने लागतील."

"आणि केंद्रातली जागा कधी होईल?"

ती मफलर गुंडाळून निघून गेली.

आता जे सांगते, ते पोलिसांनीही लिहून घेतलं आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, लाइने झोपलेली असताना, तो फोन मी माझ्या तोंडासमोर धरला. डावीकडे वळले. उजवीकडे वळले. डोळे मिचकावले. फोन म्हणाला, स्वागत आहे, लाइने.

मंडळी, माझ्या सख्ख्या बहिणीला जो चेहरा नाकारला गेला, तो माझ्या मानेवर मान्य झाला. मी अर्ज भरला आणि तिच्या नावानं सही केली.

तो अर्ज उर्वेच्याच टेबलावर गेला. दुसरं टेबलच कुठे आहे आपल्याकडे? ती त्याच दुपारी आली. कोट न काढता दारात उभी.

"विल्मा, ही सही कोणाची?"

"लाइनेची. वर नाव आहे की."

"मी काल इथंच होते."

"मग तुला ठाऊकच आहे तिला काय हवंय ते!"

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण सही तिच्या हातची हवी. फक्त तिच्या. कायद्यात तेवढंच आहे गं, विल्मा."

"मी कोण परकी आहे?"

"उद्या कोणी परका असाच फोन धरेल, तेव्हा मी काय सांगू?"

मी तिला काय काय बोलले, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. लाइने खुर्चीतून दोघींकडे आळीपाळीनं बघत होती.

उर्वेनं तो अर्ज अकरा दिवस दाबून ठेवला. मला हे नंतर कळलं. त्या अकरा दिवसांत तिनं डॉक्टरांना पत्र लिहिलं, न्यायालयाला फोन केले, टालिनला विचारणा केली. केर्लीबाई, उत्तर तुमच्या विभागातून आलं होतं. तुमचं नाव नव्हतं त्यावर, घाबरू नका. उत्तर सभ्य होतं आणि नियमाला धरून होतं. बाराव्या दिवशी तिनं सही खोटी असल्याचं वर कळवलं. लाइनेचं पाकीट बंद झालं, अर्ज बाद झाला. पोलीस आले, माझ्याकडची कॉफी प्यायले, लेखी ताकीद देऊन गेले. ती ताकीद मिळाल्याची पोच मला माझ्या स्वतःच्या डिजिटल सहीनं द्यावी लागली. हसा, हसा. मीही नंतर हसले.

फेब्रुवारीत लाइनेला नेलं. तिनं डाव्या हातानं दाराची चौकट पकडली होती. बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती मी सोडवली. नेणारा माणूस भला होता, त्याला जमेना. बोटीवर माझ्यानं चढवेना. धक्क्यावरून पाहिलं, तर रुग्णवाहिकेत तिच्या शेजारी उर्वे बसलेली.

मला पालक नेमल्याचा न्यायालयाचा कागद जूनमध्ये आला. मी जाऊन तिला घरी आणलं. केंद्रात तिला कोणी वाईट वागवलं नव्हतं. स्वच्छ होती, केस विंचरलेले होते. पण 'उद्या' हा शब्द तिकडेच राहिला. आता ती काहीच बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, घरी असती तरी कदाचित गेलाच असता. कदाचित.

मी पुष्कळ रात्री एकच गोष्ट घोळवली आहे. घरी राहायचं हे लाइनेला हवं होतं, की मला? एकटं राहायची भीती कोणाला होती? चौकट तिनं धरली होती, एवढं खरं. पण ती घाबरली म्हणून सुद्धा धरली असेल. मी तिची जुळी, आणि मलाही सांगता येत नाही. मग त्या खिडकीमागच्या बाईनं काय करायचं होतं? मी उत्तर शोधून थकले. आणि उर्वेनं एकदाही येऊन स्वतःची बाजू मांडली नाही. केंद्रातल्या मुलीनं मला सांगितलं, दर गुरुवारी एक बाई यायची, लाइनेच्या पायांना मलम चोळायची आणि पाचच्या बोटीनं परत जायची. माझा वार रविवार. म्हणून आमची गाठ पडली नाही. की तिनंच पडू दिली नाही, तिचं तिला माहीत.

उर्वे, मी तुला माफ केलं असं म्हणायला उभी राहिले नाही. माफ करण्यासारखं तू काय केलंस, तेच मला सापडत नाही. आणि राग गेलाय असंही नाही. दोन्ही एकाच घरात राहतात, आम्ही बहिणी राहायचो तसे.

पण तू आता निवृत्त झालीस. लाइनेला आंघोळ घालायला दोन माणसं लागतात आणि मी पंचाहत्तरीला आले. परवा ती माझ्या हातून निसटता निसटता राहिली. दोघी ओल्या जमिनीवर तासभर बसून होतो, मला उठवेना आणि तिला सांगता येईना. बेटावर माणसं कमी नाहीत, पण तिचे पाय कुठे दुखतात हे माझ्याखेरीज एकाच माणसाला ठाऊक आहे. गुरुवारी ये. सकाळी नऊला. पाणी मी तापवून ठेवीन.

एवढंच. समितीनं माझ्यावर विश्वास टाकला, पाहुण्या शांतपणे ऐकत राहिल्या, आणि तुम्ही गारठ्यात बसून राहिलात, सगळ्यांची मी ऋणी आहे. पाच मिनिटांची मर्यादा मी मोडली, समारंभाला न शोभणारं बोलले. त्याचा दोष माझ्या म्हातारपणाला द्या आणि पदरात घ्या. क्रिंगेलचा गोड पाव कापून ठेवला आहे. बेदाण्यांचा तुकडा उर्वेला द्या.