दहा हजार पावलं

ग्रंथपाल : अगं, पण मला काही होत नाहीये. आत्ताच पोटभर न्याहारी करून उठलोय.

बायको : ते तुमच्या लेकीला सांगा. रडायच्या बेतात आलीय चिमी. तीन दिवस झाले म्हणे, रोज साडेअकराला बाबांचे ठोके दीडशेच्या वर जातात आणि मध्येच चुकतात. तुमच्या मनगटावरचं हे घड्याळ तिला तिकडे सगळं कळवतं. हृदयाच्या डॉक्टरांची आज बाराची वेळ घेतलीय तिनं.

ग्रंथपाल : साडेअकराला?

बायको : रोज. काय करत असता त्या वेळी?

ग्रंथपाल : वाचत असतो.

बायको : चालता चालता?

ग्रंथपाल : जरा बस. आणि ओरडू नकोस. ते ठोके माझे नाहीत.

बायको : मग काय माझे आहेत?

ग्रंथपाल : पोस्टमनचे.

बायको : काय?

ग्रंथपाल : सकाळी फाटकाशी मी हे घड्याळ त्यांच्या हाताला बांधतो. ते टपाल वाटत फिरतात. मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसतो. एक वाजता ते घड्याळ परत देतात, मी त्यांना शिकारीची एखादी कादंबरी देतो.

बायको : चार महिने?

ग्रंथपाल : पावणेचार.

बायको : पावणेचार महिने ती मुलगी माझं डोकं खातेय. ‘आई, बाबांकडे बघ. बाबा या वयात दहा हजार पावलं चालतात, आणि तू?’ तुमच्यापायी माझ्या चहातली साखर गेली. पहाटे उठून खोल श्वास घेते मी. रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहिते. त्यातली पहिली कोणती असते, ठाऊक आहे?

ग्रंथपाल : नाही.

बायको : ‘हे फिरायला गेले.’

ग्रंथपाल : रागव, पण नंतर. मी आत्ता मुकाट्यानं डॉक्टरांकडे गेलो ना, तर ते म्हणतील, ठणठणीत आहात, घरी जा. चिमी खूश, तू खूश. आणि तो माणूस साडेअकराला पुन्हा…

बायको : आत्ता फाटकाशीच असतील ना ते? बोलवा आत.

ग्रंथपाल : तूच बोलव. काय म्हणावं ते मला सुचत नाहीये.

बायको : उभा जन्म पुस्तकांत काढून? अहो पोस्टमनभाऊ, आत या!

पोस्टमन : नमस्कार, वहिनी. आज उशीर झाला वाटतं साहेबांना?

बायको : बसा. मला सगळं कळलंय. पावलांचं.

पोस्टमन : साहेब, देवाशपथ, मी कुणाकडे चकार शब्द काढला नाही.

ग्रंथपाल : मीच सांगितलं. साडेअकराला तुम्ही कुठे असता?

पोस्टमन : टेकडीच्या जिन्यावर. एकशे चाळीस पायऱ्या, आणि वर घरं किती, तर दोन.

ग्रंथपाल : छातीत काही होतं तेव्हा?

पोस्टमन : छे. धाप लागते, ती काय कुणालाही लागेल. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, पण ते दुसऱ्या खेपेला.

बायको : दोन घरांसाठी दुसरी खेप कशाला?

पोस्टमन : ती टपालाची नाही, वहिनी. साहेब एकदा म्हणाले होते, काल नऊ हजार सातशेच भरली, लेक विचारत होती. आता माझी फेरीच तेवढी. म्हटलं, तीनशे पावलांसाठी लेकीपुढे बापाची मान खाली नको. जिना उतरतो आणि पुन्हा एकदा चढतो. बरोबर भरतात.

ग्रंथपाल : मी सहज बोललो होतो हो.

पोस्टमन : चेहरा सहज नव्हता, साहेब.

बायको : अहो, आता तरी बोला काहीतरी.

ग्रंथपाल : बाराची वेळ आहे डॉक्टरांची. तुम्ही जायचंय.

पोस्टमन : मी? मला काय धाड भरलीय? रोजचा दहा हजार चालणारा माणूस मी! आणि ही थैली? माझ्या थैलीतलं टपाल एक दिवस मागे राहिलेलं नाही आजवर.

ग्रंथपाल : थैली मी तुमच्या कचेरीत नेऊन देतो. काय झालंय ते तिथल्या पोस्टमास्तरांना सांगतो. कुणाला तरी पाठवतील ते.

पोस्टमन : कचेरी इथून दोन किलोमीटर आहे. गाडीनं जाणार?

ग्रंथपाल : गाडी तुम्हाला लागेल. मी चालत जातो.

बायको : ऐकलंत ना भाऊ? हे चालतो म्हणतायत. म्हणजे प्रकरण गंभीरच आहे. चला, मी येते बरोबर.

पोस्टमन : पण डॉक्टरांकडे नाव साहेबांचं लागलंय.

ग्रंथपाल : ते बदलायला आधी चिमीला सांगावं लागेल. सगळंच. लाव गं फोन.

बायको : लावून देते. बोलायचं मात्र तुम्ही. आणि साखरेचंही बोलायचं.

ग्रंथपाल : बोलतो. थैली द्या इकडे. बापरे! ही घेऊन तुम्ही दोनदा चढता?

पोस्टमन : पट्टा डाव्या खांद्यावर घ्या, म्हणजे मान धरत नाही.

ग्रंथपाल : बरं. आणि आता हात कशाला पुढे करताय?

पोस्टमन : अरेच्चा. घड्याळासाठी, साहेब. सवय लागलीय.